आधी थांबायला शिका : पाचोऱ्याहून बर्फाच्या उताराकडे

पाचोऱ्यात कुणाच्याही घरी मागच्या वीस वर्षांतला लग्नाचा अल्बम उघडा. शेवटच्या पानांत मनालीचा एक फोटो हमखास सापडतो. अंगात भाड्याचा लांब कोट, पायांत गमबूट नाहीतर स्की, आणि फोटोच्या कडेला अर्धा कापला गेलेला स्थानिक मुलगा. त्याने नवरदेवाला दंडाला धरून ठेवलेले असते. घरी आल्यावर 'आम्ही स्कीइंग केलं' असे सांगितले जाते. केलेले असते ते एवढेच : दहा-पंधरा पावले घसरणे, दोनदा आपटणे आणि फोटो.

पण त्या दहा मिनिटांत एक कोडे पडलेले असते. गमबूट घालून त्याच बर्फावर तासभर चालता येते, पोरे पळापळीही करतात. पायाला दोन पट्ट्या बांधल्या की मात्र सपाट वाटणाऱ्या जागीही पाय निसटतात. एकदा निसटले की थांबत नाहीत आणि थांबवायला जावे तर माणूस पाठीवर पडतो. बर्फ तोच, माणूसही तोच. मग बदलले काय? याचे उत्तर कळले तर पहिल्या स्की-सहलीचे अर्धे नियोजन आपोआप होते : कुठे जायचे, किती दिवस, कोणत्या महिन्यात आणि बॅगेत काय.

पाय निसटतो कशामुळे

साठ किलोचा माणूस बुटांवर उभा असतो तेव्हा त्याचे वजन साधारण सहाशे चौरस सेंटिमीटरवर पडते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर शंभर ग्रॅम. एवढ्या भाराने भुसभुशीत बर्फ दबतो, बूट आत रुततो आणि रुतल्यामुळेच पाऊल धरून राहते. दीड मीटर लांब आणि आठ सेंटिमीटर रुंद अशा दोन स्कींवर तेच वजन चौपट जागेवर पसरते. दर चौरस सेंटिमीटरवर पंचवीस ग्रॅम. स्की रुतत नाही, वरच राहते.

वर राहिलेली वस्तू का घसरते, हा पुढचा प्रश्न. जुन्या शालेय पुस्तकांतले उत्तर असे की, दाबाने बर्फ वितळतो आणि पाण्यावरून स्की सरकते. आकडे पाहिले की हे उत्तर टिकत नाही. बर्फाचा वितळणबिंदू दाबाने फक्त एक अंश खाली आणायचा तर दर चौरस सेंटिमीटरवर शंभर किलोहून जास्त भार लागतो. आपण देतो पंचवीस ग्रॅम. खरी गोष्ट अशी की, बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू आतल्यांसारखे चहूबाजूंनी जखडलेले नसतात. शून्याखालीही ते बरेच मोकळे असतात. त्यात स्की सरकू लागली की घर्षणाने किंचित उष्णता तयार होते आणि पाण्याचा एक अतिपातळ पापुद्रा बनतो. स्कीचा तळ गुळगुळीत प्लॅस्टिकचा असतो, वरून मेण चोपडलेले असते, त्यामुळे पाणी त्याला चिकटत नाही. म्हणून वेग आला की घसरण आणखी सोपी होते, आणि कडाक्याच्या थंडीत, उणे वीसच्या खाली, बर्फ वाळूसारखा खरखरीत होऊन स्की मंदावते.

म्हणजे घसरायला काहीच शिकावे लागत नाही. ते काम उतार करतो. शिकायचे असते ते थांबणे.

वखर आणि स्कीची धार

स्कीच्या दोन्ही कडांना पोलादी पट्टी असते. तळ बर्फावर सपाट टेकलेला असला की स्की सरळ खाली जाते. पाय आतल्या बाजूला थोडा कलवला की आतली कड बर्फात शिरते आणि खरवडू लागते. कपाशीच्या रानात वखर चालवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. जमीन कडक लागली की तो वखरावर उभा राहतो, भार वाढतो, पास खोल जाते आणि बैलांची चाल जड होते. स्कीचा वेग असाच कमी होतो : कड कलवायची आणि तिच्यावर भार द्यायचा.

नवशिक्याला पहिल्या दिवशी जी ढब शिकवतात तिला 'स्नो-प्लाऊ' म्हणतात. स्कींची पुढची टोके जवळ, मागची दूर, वरून पाहिले तर इंग्रजी व्ही अक्षर उलटे ठेवल्यासारखे. टाचा बाहेर ढकलल्या की दोन्ही आतल्या कडा उताराला आडव्या येतात. फाक जेवढी मोठी तेवढे खरवडणे जास्त, वेग कमी. याच ढबेत उजव्या पायावर भार दिला की माणूस डावीकडे वळतो आणि डाव्यावर दिला की उजवीकडे. हे उलटे वाटते, म्हणून पहिले दोन दिवस सगळे नको त्या बाजूला जातात. या वळण्यामागे स्कीचा आकार आहे : ती टोकांना रुंद आणि मध्ये, कमरेशी, अरुंद असते. कलवून दाबली की ती वाकते, तिची कड कमान धरते आणि त्या कमानीवरून पाय आपोआप वळतो.

आता पाठीवर पडण्याचे कोडे. उतारावर भीती वाटली की शरीर मागे झुकते. जमिनीवर हे शहाणपणाचे असते. स्कीवर मात्र भार मागच्या टोकांवर जातो, पुढच्या भागाची बर्फावरची पकड सुटते, वळणारा भागच निकामी होतो आणि वेग वाढतो. भीती आणखी वाढते, माणूस आणखी मागे झुकतो. हिमालयातले प्रशिक्षक दिवसभर 'घुटने मोडो, आगे झुको' एवढेच ओरडत असतात, ते याचसाठी. स्कीचे बूट कडक आणि पुढे कललेले असतात, तेही याचसाठी : नडगी बुटाच्या जिभेला टेकली पाहिजे. टेकलेली नसेल तर आपण मागे आहोत.

बूट स्कीला ज्या यंत्राने जोडलेला असतो त्याला 'बाइंडिंग' म्हणतात. ठराविक जोरापेक्षा जास्त पीळ बसला की त्यातली स्प्रिंग बूट सोडून देते, नाहीतर लांब स्की तरफेसारखी गुडघा पिरगाळून टाकेल. ही स्प्रिंग वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि कसब पाहून लावायची असते. भाड्याच्या दुकानात कुणी वजन विचारले नाही तर आपणच सांगावे आणि आकडा आपल्यासमोर लावून घ्यावा. लाजण्यासारखे त्यात काही नाही. गुडघा आपला आहे.

लहान ठिकाण का पुरते

हे सगळे शिकायला किती डोंगर लागतो? शंभर-दीडशे मीटर लांबीचा आणि शंभर फूट चालल्यावर दहा-पंधरा फूट उतरेल एवढाच उतार, पायथ्याशी मोकळे सपाट मैदान असलेला. ते मैदान फार महत्त्वाचे, कारण थांबता आले नाही तरी तिथे आपोआप थांबायला होते. पहिले तीन-चार दिवस याच्या बाहेर जायचे कारण नसते. म्हणून 'आशियातील सर्वांत उंच' वगैरे जाहिरातींवर नवशिक्याने पैसे घालवणे म्हणजे सायकल शिकायला महामार्ग निवडणे.

गुलमर्गचे नाव मोठे आहे आणि ते खोटे नाही. १९२७ साली तिथे स्की क्लब ऑफ इंडिया सुरू झाला, केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था तिथेच आहे, आणि २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमधला भारताचा एकमेव खेळाडू, आरिफ खान, त्याच भागातला. पण गुलमर्गची कीर्ती आहे ती गंडोल्याच्या, म्हणजे केबलकारच्या, दुसऱ्या टप्प्यावर, अफरवट शिखराच्या चार हजार मीटरजवळच्या उतारांवर. तिथे न दाबलेला खोल बर्फ असतो, हिमस्खलनाचा धोका असतो आणि पट्टीचे खेळाडूच जातात. नवशिक्याचा वेळ जातो तो खालच्या, गोल्फच्या मैदानालगतच्या सौम्य उतारांवर. तसे उतार इतरत्रही आहेत.

मनालीजवळच्या सोलंगला हॉटेलांची सोय उत्तम. मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था शिस्तशीर अभ्यासक्रम चालवते. मनालीजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर हिने २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्य मिळवले, ते स्कीइंगमधले भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक म्हणून गाजले. अडचण गर्दीची. सुटीच्या दिवशी सोलंगच्या उतारावर फोटोवाले, टायरवाले आणि मोटारी यांतून वाट काढावी लागते. सिमल्यापलीकडचे नारकंडा शांत आहे, पण उतार थोडा आणि बर्फ लहरी.

माझे मत औलीच्या बाजूने पडते. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या वर, अडीच ते तीन हजार मीटर उंचीवरचे हे छोटे ठिकाण. समोर ७८१६ मीटरचे नंदादेवी. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे औलीचा पायथाही त्याच्या बऱ्याच वर. औलीचा उतार मुळात कुरण आहे. उन्हाळ्यात तिथे गवत असते, खडक कमी, म्हणून थोड्या बर्फातही स्की चालते. खडकाळ उतारावर त्याहून जाड थर लागतो. गढवाल मंडळ विकास निगम तिथे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेते. भारत-तिबेट सीमा पोलिसांची स्की-संस्थाही तिथेच आहे. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथे झाल्या, त्या वेळी कृत्रिम बर्फाची यंत्रे बसवली गेली.

त्या यंत्रांवर विसंबून मात्र जाऊ नये. ती पाण्याचे बारीक तुषार दाबाच्या हवेबरोबर फेकतात. तुषारातले थोडे पाणी बाष्प होते, जाताना उष्णता नेते आणि उरलेले थेंब जमिनीवर पडेपर्यंत गोठतात. त्यासाठी हवा थंड हवी आणि कोरडीही हवी. दमट हवेत पारा शून्यावर असूनही नुसता चिखल होतो. शिवाय वीज, पाणी आणि सतत देखभाल लागते, आणि औलीत नेमकी देखभालच वर्षानुवर्षे रखडली.

दुसरी गोष्ट जोशीमठची. आता त्याचे अधिकृत नाव ज्योतिर्मठ. जानेवारी २०२३ मध्ये तिथली जमीन खचून शेकडो घरांना तडे गेले आणि औलीला जाणारा चार किलोमीटरचा रोपवे तेव्हा बंद झाला. वर जायला रस्ता आहे, पण बर्फ पडला की तो निसरडा होतो आणि साखळी बांधलेली गाडी लागते.

> चौकट : पैसे भरण्याआधी फोनवर विचारा
>
> आज उतारावर बर्फ किती आहे? 'पडणार आहे' हे उत्तर धरू नका.
> एका प्रशिक्षकामागे किती जण? आठ-दहापेक्षा जास्त असतील तर दिवस रांगेत जातो.
> शुल्कात स्की, बूट, राहणे, जेवण यांपैकी काय काय आहे? तुमच्या मापाचा बूट आहे का?
> चेअरलिफ्ट चालू आहे का? नसेल तर प्रत्येक वेळी चढून जावे लागेल.
> बर्फ नसल्यास पैसे परत की पुढची तारीख?
> आणि आपल्या विमा कंपनीला : स्कीइंगमधली दुखापत पॉलिसीत बसते का?

जळगावची थंडी आणि औलीचा बर्फ

डिसेंबर ते मार्च या काळात भूमध्य समुद्राकडून, इराण-अफगाणिस्तानवरून, वातावरणाच्या वरच्या थरांतून एकामागून एक वादळी पट्टे येतात. बातम्यांत त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. त्यांतले बाष्प हिमालयाला अडून वर चढते, थंड होते आणि बर्फ होऊन पडते. झंझावात पुढे सरकला की त्याच्या मागून कोरडे, गार उत्तरी वारे मैदानात उतरतात, मध्य प्रदेश ओलांडून तापीच्या खोऱ्यात येतात. रावेर-यावलचे शेतकरी रात्री केळीच्या बागेत शेकोट्या पेटवतात ते याच वाऱ्यांमुळे. म्हणून नियम नव्हे, पण एक उपयोगी खूण : जानेवारीत जळगावचा पारा अचानक दहाच्या खाली आला तर दोन-तीन दिवसांपूर्वी वर बर्फ पडून गेला असण्याचा चांगला संभव असतो.

झंझावात वेळेवर येतीलच असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडे होते. बर्फ महिनाअखेरीस आला. २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. त्यामुळे नाताळच्या सुटीत स्की शिकायला जाणे हा जुगार आहे. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीअखेर हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. तेव्हा आपल्याकडे परीक्षांची घाई असते हे खरे, पण ढगांना शाळेचे वेळापत्रक ठाऊक नसते. मे महिन्यात रोहतांगला जो बर्फ दिसतो तो फोटोपुरता.

दिवसातली वेळही पाहावी. रात्री गोठलेला पृष्ठभाग सकाळी टणक असतो आणि कड त्यात शिरत नाही. दहा-अकराला तो थोडा सैल होतो, ती नवशिक्याची वेळ. दुपारी तीननंतर बर्फ ओला आणि जड होतो, पायही दमलेले असतात. गुडघे बरेचदा याच वेळी दुखावतात.

कापूस घरीच ठेवा

हे पाचोऱ्यात सांगायला जीवावर येते. साऱ्या तालुक्याचा प्रपंच ज्या पिकावर चालतो, त्याचेच कापड बर्फात सर्वांत वाईट. कापसाचा धागा पाणी शोषतो आणि धरून ठेवतो. उन्हाळ्यात आपल्याला तो सुखाचा वाटतो तो याच गुणामुळे. बर्फावर मात्र नवशिक्या सतत पडतो आणि घामही येतो. ओले बनियन अंगाला चिकटते. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे थांबल्याबरोबर हुडहुडी भरते. जीन्स तर अजिबात नको. ती ओली होते आणि मग वाळतच नाही.

अंगाला लागून लोकर किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, सर्वांत वर पाणी न शिरणारे जॅकेट आणि तशीच पँट. ऊब कापडात नसते, थरांमध्ये अडकलेल्या कोरड्या हवेत असते. मोज्यांच्या बाबतीत सगळे एकच चूक करतात : दोन जोड घालतात. त्याने बूट घट्ट होतो, रक्ताभिसरण अडते आणि बोटे जास्तच गार पडतात. गुडघ्यापर्यंतचा एकच लोकरी जोड पुरतो. हातमोजे जलरोधक हवेत, हेल्मेट भाड्याने मिळते का ते विचारावे. स्की विकत घेण्याचा मोह पहिल्या वर्षी टाळावा. लांबीही मिरवायची गोष्ट नव्हे. छाती ते हनुवटी एवढी स्की नवशिक्याला पुरते आणि लवकर वळते.

उंची, ऊन आणि मांड्या

औलीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट असतो. प्रत्येक श्वासात तेवढाच कमी प्राणवायू. अडीचशे मीटरच्या पाचोऱ्याहून एका दमात तिथे पोहोचलेल्याला डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे हे होऊ शकते. जोशीमठला, सुमारे १८९० मीटरवर, एक रात्र काढली तर शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. हवा कोरडी असल्याने तहान न लागताही पाणी प्यावे आणि पहिल्या दिवशी धावपळ करू नये. डोकेदुखी वाढत गेली तर खाली उतरणे हाच उपाय. दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे; बऱ्याच वर्गांना प्रकृतीचा दाखला लागतोच.

ऊन खान्देशाइतके तापत नाही म्हणून फसवते. उंचीबरोबर अतिनील किरणे वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांतही कातडी भाजते. काळ्या चष्म्याशिवाय दिवस काढला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते.

तयारी मात्र पाचोऱ्यातच होऊ शकते. स्कीवर माणूस दिवसभर अर्धवट बसलेल्या अवस्थेत असतो आणि मांड्यांचे स्नायू सतत आवळलेले. सहलीआधी दीड-दोन महिने रोज उठाबशा, जिने आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखे बसणे एवढे केले तर तिसऱ्या दिवशी खोलीच्या पायऱ्या उतरताना रडू येणार नाही.

प्रवासाचे गणित

पाचोऱ्याहून जळगाव किंवा भुसावळला जाऊन दिल्लीची गाडी धरायची, साधारण अठरा-वीस तास. दिल्लीहून हरिद्वार किंवा ऋषिकेश. तिथून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, म्हणजे बद्रीनाथच्या यात्रेकरूंना ठाऊक असलेला देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयागचा रस्ता. त्याला दिवस जातो आणि पहाटेच निघावे लागते. डोंगरात रात्रीचा प्रवास करू नये. जायला तीन दिवस, यायला तीन, वर्ग सात दिवसांचा, आणि दरड किंवा बर्फाने रस्ता अडला तर एक दिवस हाताशी. हे चौदा दिवस झाले. छत्रपती संभाजीनगरहून दिल्लीला विमानाने गेल्यास दोन वाचतात.

एवढी रजा नसेल तर वर्ग छोटा करण्याचा विचार मनात येतो. तो सोडावा. पहिला दिवस बूट चढवण्यात आणि आडव्या पावलांनी चढ चढण्यात जातो, दुसरा पडण्यात, तिसऱ्या दिवशी थांबता येते, चौथ्या-पाचव्या दिवशी वळणे जुळतात आणि तेव्हा कुठे चेअरलिफ्टने वर जाण्यात अर्थ असतो. दोन दिवसांत परतणारा माणूस नेमका कंटाळवाणा भाग अनुभवून येतो. रजा कमी असेल तर यंदा जाऊच नये, पुढच्या वर्षी जावे.

आणि परतीचे आरक्षण करताना मोकळा दिवस शेवटी ठेवावा, मध्ये नव्हे. रस्ता उघडा असला तर त्या दिवशी स्की परत करून जोशीमठचे नृसिंह मंदिर पाहावे. बद्रीनाथची हिवाळ्यातली पूजा तिथे चालते. रस्ता बंद असला तर तोच दिवस दिल्लीची गाडी वाचवतो.